परातीतलं क्षितिज

बेरीज कोणालाही येत नाही. एकतीस वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवून माझं हे मत झालं आहे, आणि निवृत्तीनंतर ते बदलावं असं काही घडलेलं नाही. माझे जुने विद्यार्थी इंदूरच्या अन्नपूर्णा रोडवर भेटतात. कोणी इंजिनियर, कोणी बँकेत साहेब. वाकून नमस्कार करतात, "मॅडम, तुमच्यामुळेच" म्हणतात. मी विचारते, सत्तेचाळीस आणि अडतीस किती? ते हसतात. त्यांना तो मॅडमचा विनोद वाटतो. मी हसत नाही, वाट बघते. मग त्यांचा हात खिशातल्या फोनकडे जातो आणि मी माझ्या वाटेने चालू लागते.

त्यामुळे माझी भाची येऊन "मावशी, मला सगळं येतं गं, बस प्लस-मायनसमध्ये मिस्टेक होते" असं म्हणाली तेव्हा माझ्या कपाळावर जी आठी चढली ती पुढे तीन महिने उतरली नाही. सगळं येतं, फक्त बेरीज-वजाबाकी येत नाही! म्हणजे स्वयंपाक उत्तम येतो, फक्त गॅस पेटवता येत नाही, त्यातली गत. तिला मी तसं म्हटलं. ती मान खाली घालून बसली, आणि मला वाटलं, बरं झालं, निदान लाज तरी आहे.

ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. घर इथलंच, बडा गणपतीला. मालवाहू जहाजावर दीड वर्ष कॅडेट म्हणून काढून आलेली. पुढे अधिकारी व्हायचं तर सेकंड मेटची परीक्षा द्यावी लागते, आणि त्यातला सूर्य-ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायचा पेपर तिने दोनदा घालवला होता. आता जहाजावर सॅटेलाइट सगळं सांगतं. पण ते बंद पडलं, किंवा कोणी मुद्दाम त्याच्या तोंडून खोटं वदवलं, तर माणसाला कागद-पेन्सिलीने आपण कुठे आहोत ते काढता आलं पाहिजे, म्हणून हा पेपर. मला हे ऐकून बरं वाटलं. या जगात कोणीतरी अजून मोठ्या माणसांना हाताने बेरीज करायला लावतंय. अशा लोकांबद्दल मला आदर वाटतो, आणि तो मला फार थोड्या लोकांबद्दल वाटतो.

तिच्या वडिलांबद्दल, म्हणजे आमच्या भाऊजींबद्दल, कधीच वाटला नाही. भाऊजींचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेली आहे आणि तिच्याखाली बसून भाऊजी झुरळाला घाबरतात. सरकारी दफ्तरात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून सगळ्या जगाच्या फायली तेच हलवत असल्यासारखं बोलतात. मला ते 'मास्तरीणबाई' म्हणतात, आणि तो शब्द ते पान थुंकल्यासारखा उच्चारतात.

"तिसरी बार लास्ट," त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. "नाही झालं तर तिकडे राऊ गावाला माझ्या दोस्ताच्या कॉलेजात अॅडमिशनच्या टेबलवर बसायचं. बसने जा, बसने ये. पोरीच्या जातीला बिल्कुल सेफ."

भाचीला पुन्हा जहाजावर जायचं होतं. दुसरं काही नको होतं तिला. राऊचं नाव निघालं की तिचा चेहरा इतका लहान व्हायचा की माझ्यासारखीलाही बघवत नसे. मी म्हटलं, तीन महिने माझ्याकडे राहू दे.

"तुमच्याकडे?" भाऊजी म्हणाले. "इंदौरमध्ये बसून जहाज चालवणार तुम्ही, मास्तरीणबाई? अहो मोबाइल दाबला की लोकेशन येतं ना. फालतूमध्ये पोरीचं दिमाग का खराब करायचं?"

एका अंशात साठ मिनिटं असतात हे ज्याला आधी समजावून सांगावं लागेल, त्याच्याशी मी वाद घालत नाही.

समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीत, आणि दोन्ही वेळा मुलं मोजण्यात वेळ गेला. पण तिची पुस्तकं मी आठ दिवसांत वाचून काढली. गणित म्हणून त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सेक्स्टंट नावाच्या पितळी यंत्राने क्षितिजापासून सूर्य किती उंच आहे तो कोन मोजायचा. त्या क्षणाची वेळ सेकंदापर्यंत लिहायची. पंचांगासारखं एक पुस्तक असतं, त्यातून त्या वेळी सूर्य पृथ्वीच्या कुठल्या जागेच्या बरोबर डोक्यावर होता ते काढायचं. मग दहा-पंधरा ओळींची बेरीज-वजाबाकी, एक त्रिकोण, आणि नकाशावर एक रेघ. त्या रेघेवर कुठेतरी तुम्ही आहात. कोनात एक मिनिट चुकलं तर रेघ एक सागरी मैल सरकते. साइन-कोसाइन कॅल्क्युलेटर देतो. कुठला आकडा मिळवायचा आणि कुठला वजा करायचा हे तो देत नाही, आणि तिथेच सगळे आपटतात.

तिच्या वह्या मी बघितल्या. बघवत नव्हत्या. अंशाखाली मिनिटं, मिनिटांखाली तारीख, एक आकडा वर चढलेला, एक उतरलेला, मध्येच बाण. ऑनलाइन क्लासचे कोणी सर होते, ते पडद्यावर ओरडत होते, "ट्रिक सांगतो, दोन मिनिटांत साइट सॉल्व्ह!" साइट म्हणजे सूर्य-ताऱ्यावरून केलेला एक हिशेब. ट्रिक! ज्याला रीत येत नाही तो ट्रिक शिकवतो. मी तो क्लास बंद करायला लावला. सोडवलेल्या जुन्या पेपरांचा गठ्ठा होता, तो माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवला, कारण सोडवलेलं गणित बघून शिकणं म्हणजे दुसऱ्याने जेवलेलं ताट बघून पोट भरणं. तिच्याकडे हिशेब मांडायचा एक छापील फॉर्म होता, तोही मला गबाळा वाटला. मी पट्टी घेऊन नवा आखला. प्रत्येक ओळीपुढे मिळवायचं की वजा करायचं ते चिन्ह आधीच छापलेलं, अंश-मिनिटांना वेगळे रकाने, आणि कडेला पडताळ्याची चौकट. शंभर झेरॉक्स काढून आणल्या.

आणि सांगितलं, पुस्तकातला सूर्य नको. खरा घे.

इंदूरला क्षितिज नाही. गच्चीवरून बघितलं तर चारी बाजूंना पाण्याच्या टाक्या, टॉवर आणि वाळत घातलेल्या चादरी. पण पुस्तकात एक जुनी युक्ती दिलेली होती: पसरट भांड्यात काळं तेल ओता. ते आपोआप सपाट होतं. आकाशातला सूर्य आणि तेलातला सूर्य यंत्रातून एकमेकांना टेकवा, येईल तो कोन निम्मा करा. क्षितिजाचं कामच नाही. भाचीने कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून गाडीचं जळकं ऑइल आणलं आणि मला न विचारता माझी कणीक मळायची परात घेतली. मी पुढचे आठ दिवस तिला त्यावरून ऐकवलं.

रंगपंचमी झाल्यावर सुरुवात केली. रोज सकाळी साडेसातला गच्चीवर. ती परातीपुढे गुडघे टेकून सोबत आणलेलं सेक्स्टंट डोळ्याला लावायची, मी घड्याळ धरून उभी. ती "हं" म्हणाली की मी सेकंद लिहायचे. दहाच्या आत उरकावं लागे, कारण तेलातला कोन दुप्पट येतो, आणि सूर्य फार वर गेला की यंत्राचे आकडेच संपतात. शेजारच्या गच्चीवरचे एक गृहस्थ दात घासत घासत रोज विचारायचे, "क्या देख रिये हो मैडमजी, ग्रहण है क्या?" चौथ्या दिवशी मी म्हटलं, "हाओ, तुम्हारे दिमाग पे है." त्यानंतर ते दुसऱ्या बाजूला तोंड करून दात घासू लागले.

आमची गच्ची कुठे आहे हे फोनवर आधीच बघून ठेवलं होतं, त्यामुळे तिची रेघ किती चुकली ते लगेच कळायचं. पहिल्या दिवशी रेघ धारवरून गेली. दुसऱ्या दिवशी देवासच्या बाजूला. "अभिनंदन," मी म्हटलं, "एका रात्रीत घर धारहून देवासला नेलंस, आणि सामान हलवायला ट्रकसुद्धा लागला नाही." तिने खोडरबर उचललं.

चुका पकडण्यात मात्र माझा हात कोणी धरणार नाही. चुकीचा चेहरा असतो. रेघ बरोबर चाळीस मैल चुकली की समजावं, वजाबाकीत साठ उसने घ्यायच्या ऐवजी शंभर घेतले. बेचाळीस अंश पन्नास मिनिटांतून सतरा अंश पंचावन्न गेले की उरतात चोवीस अंश पंचावन्न. ही पंचवीस अंश पस्तीस लिहायची आणि निवांत पुढे जायची! मिनिटांतल्या फरकाला नऊने भाग गेला, तर आकड्यांची उलटापालट. पस्तीस म्हणताना तोंडात पाच आधी येतो, हात घाईचा असला की कागदावर त्रेपन्न उमटतात. आणि चूक एखाद्या ओळीतल्या आकड्याच्या दुप्पट आली, तर मिळवायचं ते वजा केलंय. मी तिला तीन नियम घालून दिले. प्रत्येक बेरीज आधी वरून खाली आणि मग खालून वर. पुस्तकातून उतरवलेला प्रत्येक आकडा बोट ठेवून पुन्हा वाचायचा. आणि उत्तर आल्यावर पेन्सिल खाली ठेवून विचार करायचा, हे शक्य तरी आहे का?

ती सुधारली. एप्रिल संपेपर्यंत रेघ पाच मैलांच्या आत आली, मे महिन्यात दोन मैलांच्या. शेवटच्या आठवड्यात सलग सहा दिवस एकही गणिती चूक नाही. चौकट भरलेली, पडताळा जुळलेला, अक्षर मोत्यासारखं नाही तरी हरभऱ्याएवढं झालेलं. मी ताईला फोनवर सांगितलं की बाकीचं जग गेलं खड्ड्यात, या घरात एका माणसाला बेरीज येऊ लागली आहे. भाऊजींनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं.

ती मुंबईला जाऊन पेपर देऊन आली. पाच गुणांनी नापास झाली.

निकाल तिने फोनवरच बघितला, माझ्याच स्वयंपाकघरात उभी राहून. रडली नाही. "मावशी, नाही झालं," म्हणाली आणि फोन उलटा करून ओट्यावर ठेवला. तासाभरात भाऊजींचा फोन आला. राऊच्या दोस्ताशी बोलणं झालं होतं, सोमवारपासून जायचं होतं.

मी चिडले. तिच्यावर चिडले, आधी तेच सुचलं. म्हटलं, बस इथे, पेपरातले सूर्याचे आणि ताऱ्यांचे तीनही प्रश्न आठवून लिही. आकडे तिला तोंडपाठ होते. मुलांनी ग्रुपवर उत्तरं टाकलेली होती, तीही तिने दिली. मी लाल पेन घेतलं. एकेक ओळ तपासली, वरून खाली, खालून वर. बेरजा बरोबर. वजाबाक्या बरोबर. उतरवलेले आकडे बरोबर. आणि तिन्ही उत्तरं चूक. एक सहा मैलांनी, एक पाच, एक जवळजवळ सात. नऊने भाग जात नव्हता. चाळीसही नव्हते. पण तिन्ही ठिकाणी चूक एकाच दिशेला होती: सूर्य किंवा तारा होता त्याहून थोडा जास्त उंच धरला गेला होता.

शाळेत पेपर तपासणाऱ्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. मुलं वेगवेगळ्या चुका करतात. सगळीकडे तीच चूक दिसली की ती फळ्यावरून आलेली असते.

मी तिचा जुना, गबाळा फॉर्म शोधून काढला. वरून तिसरी ओळ: डिप. जहाजावर माणूस पाण्यापासून दहा-पंधरा मीटर उंच उभा असतो. तिथून क्षितिज थोडं खाली दिसतं, म्हणून तेवढी मिनिटं कोनातून वजा करावी लागतात. बारा मीटरला सहा मिनिटं. परातीतल्या सूर्याला हे लागत नाही, कारण तिथे क्षितिजच नसतं. ती ओळ आमच्या गच्चीवर रोज रिकामी राहिली असती, आणि रिकामी ओळ मला सहन होत नाही. मी ती गाळली होती. पुढे परीक्षेसाठी परत घालायला हवी, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. जुने पेपर उघडून बघितले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. ते माझ्या कुलपात होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. समुद्र जेमतेम दोनदा पाहिलेल्या बाईने एका खलाशी मुलीला तेलाच्या परातीवर घडवलं, आणि खरं क्षितिज आलं तेव्हा तिच्या हातातला कागदच अपुरा पडला.

ती शेजारीच बसली होती. मी तिला फक्त एवढंच म्हटलं, "चप्पल घाल. आपल्याला तुझ्या घरी जायचंय."

भाऊजी तलवारीखाली बसून पेपर वाचत होते. ताई स्वयंपाकघरात होती, तिलाही बाहेर बोलावलं. भाची दाराशी उभी राहिली. मी बसले नाही. मला ठाऊक होतं की बसले तर शब्द फिरवेन. मी म्हटलं, "भाऊजी, हिची एकही चूक नाही. फॉर्म मी बनवला होता. त्यात एक ओळ मी गाळली. तिन्ही प्रश्न त्या एका ओळीने गेले. चूक माझी आहे."

हे मी बोलले. या माणसापुढे! तीस वर्षं ज्याला मी बेरजेतही धरलं नव्हतं!

मला वाटलं होतं, हसतील. शेजाऱ्यांना हाक मारून पुन्हा वदवून घेतील. तीही तयारी ठेवली होती. त्यांनी पेपराची घडी घातली आणि मुलीकडे बघितलं.

"तू तर दीड साल जहाजावर होती ना?" ते म्हणाले. "मग तुला नाही दिसलं, एक लाइन गायब आहे म्हणून?"

"दिसलं होतं," ती म्हणाली.

"पेपरमध्ये?"

"पेपरमध्ये पण. आणि त्याच्या आधी पण, गच्चीवर." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "क्वेश्चनमध्ये डोळ्याची उंची दिलेली होती. मला वाटलं, मावशीच्या फॉर्ममध्ये नाही म्हणजे ते पुस्तकातल्या टेबलमध्येच धरलं असणार. डाउट होता."

"अगं मग विचारायचं ना!" हे मी म्हणाले. नेहमीच्याच आवाजात म्हणाले, तो आवाज मला ऐकू आला.

ती म्हणाली, "तू म्हणाली असतीस, तीन महिने झाले, एवढंही समजत नाही? मग नाही विचारलं. हिंमत नाही झाली."

ताई पदराला हात पुसत राहिली, हात कोरडे असतानाही. मी भाऊजींकडे बघितलं. आता तरी हसा, असं मला मनातून वाटत होतं. ते सोपं गेलं असतं.

"जाऊ द्या, मास्तरीणबाई," ते म्हणाले, आणि या वेळी तो शब्द त्यांनी थुंकला नाही. "तीस साल झाले, मला नाही झाली हिंमत तुम्हाला काही विचारायची. ही तर पोरगी आहे."

मग त्यांनी राऊच्या दोस्ताला फोन लावला आणि सोमवारचं नको म्हणून सांगितलं. पोरगी अजून एक बार पेपर देणार आहे, म्हणाले. दोस्त काहीतरी म्हणाला असावा, कारण भाऊजी त्याच्यावर ओरडले, आणि माझ्यासमोर ते कोणावर असे ओरडलेले मी कधी ऐकले नव्हते.

परत आल्यावर मी कपाटाचं कुलूप काढलं आणि जुन्या पेपरांचा गठ्ठा, तिचा छापील फॉर्म, यंत्राची पेटी सगळं रिक्षात घालून तिच्या घरी पाठवलं. उरलेल्या माझ्या झेरॉक्स फाडून टाकल्या. परात घासून घासून काळी ती काळीच राहिली, म्हणून भंगारात दिली.

चौथ्या वेळी ती पास झाली. त्या तीन महिन्यांत मी दर रविवारी ताईला फोन करून विचारत असे की पोरीला काही अडलंय का. अडलं होतं, दोनदा. तिने ते वडिलांना विचारलं होतं.